आई किती आजारी?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात, झेरॉक्सवाला आणि टायपिस्ट यांच्या मधल्या टेबलाशी एक प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, पोराच्या पॅरोलची तारीख कधी लागंल?’ विचारणारे काका हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आलेले असतात. पिशवीत निकालपत्र, रेशनकार्ड, आधारकार्ड, डॉक्टरची फाईल आणि कुणीतरी सांगितलं म्हणून काढून आणलेले चार पासपोर्ट फोटो. वकील आधी पिशवीकडे बघतात, मग काकांकडे.

‘तारीख नसते हो काका पॅरोलला.’

‘मग सुनावणी?’

‘सुनावणी पण नसते.’

काका खुर्चीत जरा पुढं सरकतात. ‘मग तुमी काय करता?’

प्रश्न रास्त आहे. ‘शॉशँक रिडेम्प्शन’ टीव्हीवर लागून लागून आता गावोगाव पाठ झालाय. लांब टेबल, टेबलामागे सुटाबुटातली मंडळी, समोर पिकल्या केसांचा कैदी, त्याला विचारलेले दोन प्रश्न आणि कागदावर धाडकन बसणारा शिक्का, अशी पॅरोलची सुनावणी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. आपल्याकडे त्यातला फक्त शिक्का आहे. टेबलंही आहेत, पण ती वेगवेगळ्या गावांत आहेत आणि कैदी त्यांतल्या एकाही टेबलासमोर उभा राहत नाही. तुरुंगातून अर्ज निघतो. तो अधीक्षकांकडून विभागीय आयुक्तांकडे जातो, तिथून पोलिसांकडे चौकशीला जातो आणि अहवालाची शेपूट लावून परत येतो. हिंडून-फिरून येतो तो अर्ज. ज्याला हिंडायचंय तो बराकीत बसून असतो.

महाराष्ट्रात हा कारभार १९५९ च्या नियमांवर उभा राहिला. त्यांचं नाव मुंबई फर्लो आणि पॅरोल नियम, कारण तेव्हा राज्यच मुंबई होतं. फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे चटकन कळतं. अर्जित रजेला कारण विचारत नाहीत, किरकोळ रजेला विचारतात, आणि साहेब खडूस असला तर पुरावाही मागतात. फर्लो ठरावीक शिक्षा भोगल्यावर, वागणूक चांगली असेल तर, घरच्यांशी नाळ टिकावी म्हणून दिली जाते. पॅरोलला घरात काहीतरी वाईट घडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राजस्थानच्या असफाक खटल्यात हा फरक सविस्तर उलगडून सांगितला. तरी बाहेर सगळ्याला पॅरोलच म्हणतात आणि आत सगळ्याला रजा.

काय वाईट घडलं तर चालेल, याची यादी सरकारने केलेली आहे. २०१८ च्या दुरुस्तीतली ही यादी कुठल्याही मराठी कुटुंबाने एकदा वाचावी, कारण आपलं नेमकं कोण कोण लागतं हे इतक्या स्पष्टपणे कुळाचाराच्या पोथीतही सापडत नाही. मृत्यू झाल्यास १४ दिवसांची आकस्मिक रजा, त्यात दोन्हीकडचे आजी-आजोबा, आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. काका, मामा, आत्या, मावशी आणि सासू-सासरे सरकारदरबारी मरत नाहीत. लग्न असेल तर मुलाचं, मुलीचं, भावाचं किंवा बहिणीचं. नेहमीच्या पॅरोलसाठी आई-वडील, जोडीदार किंवा अपत्य यांचा गंभीर आजार, पत्नीचं बाळंतपण, नाहीतर घर पडणं, पूर, आग, भूकंप. म्हणजे आजी वारली तर रजा आहे, आजारी पडली तर नाही. ज्या मामाने लहानाचं मोठं केलं, त्याच्यासाठी तर दोन्ही नाही.

वकिलाचं पहिलं काम इथं सुरू होतं. घरच्या गोष्टीतून नियमात बसणारं कारण शोधून काढायचं. काका अर्धा तास बोलतात. शेताचा बांध, धाकट्याचं मोडलेलं लग्न, बँकेची नोटीस, म्हातारीचे गुडघे. वकील ‘गुडघे’ या शब्दाशी थांबतात. ‘ऑपरेशन सांगितलंय का?’ सांगितलंय. ‘सरकारी डॉक्टरने?’ नाही, खासगी. ‘मग सिव्हिलमधून लिहून आणा. गंभीर हा शब्द पाहिजे.’ काकांना वाटतं, चालता येत नाही एवढं पुरेसं व्हावं. वकिलाला माहीत असतं की आजार शरीरात असून भागत नाही, तो कागदावर उतरावा लागतो.

मग चौकशी. गावच्या पोलीस ठाण्याचा हवालदार घरी येतो. बंदी रजेवर आला तर कुठं राहणार, जामीनदार कोण, आई खरोखर आजारी आहे का, एवढं त्याला बघायचं असतं. आता वर्दीतला माणूस दारात आल्यावर मराठी आई काय करते? अंथरुणातून उठते, पदर सावरते आणि चहाचं आधण ठेवते. सून म्हणते, ‘आत्या, तुम्ही पडून राहा की.’ आत्या म्हणतात, ‘दारात आलेल्याला नुसता पाठवायचा का?’ हवालदार चहा पितो, बशीही चाटूनपुसून रिकामी करतो आणि अहवालात लिहितो की अर्जदाराची आई हिंडती-फिरती आहे. खोटं काहीच नाही. अनुभवी वकील म्हणूनच मेडिकल सर्टिफिकेटच्या आधी बजावतात, ‘मावशी, चौकशीला कुणी आलं तर चहा सूनबाईंनी करायचा.’

त्याच गावात हवालदाराला आणखी एका दारात जायचं असतं, फिर्यादीच्या. त्या घरातला माणूस रजेवरही कधी परत येणार नाही. त्यांचा जबाब घेतला जातो, आणि बहुतेकदा तो एकच असतो, आमची हरकत आहे. त्यावर कुणाही शहाण्या वकिलाला विनोद सुचत नाही.

विनोद येतो तो अहवालाच्या शेवटच्या ओळीत. ‘सदर बंदी रजेवर सुटल्यास गावात शांतता भंग होण्याची व बंदी फरार होण्याची शक्यता नाकारता येत नाही,’ अशा धाटणीचं एक वाक्य पोलीस खात्यात वर्षानुवर्षं चालत आलंय. शक्यता नाकारणं कुणाला जमलंय? उद्या पाऊस पडण्याची, लोकल वेळेवर येण्याची, वाङ्निश्चय मोडण्याची शक्यताही नाकारता येत नाही. या वाक्यावर अर्ज फेटाळला जातो, आणि खऱ्या अर्थाने वकील लागतो तो या ठिकाणी. आधार नसलेल्या नुसत्या शक्यतेवर रजा नाकारता येत नाही, हे उच्च न्यायालयाने कितीतरी आदेशांत लिहिलंय. तरी ते वाक्य पुढच्या अहवालात पुन्हा हजर होतं. निकाल वाचून पोलीस ठाण्यातला जुना मजकूर बदलण्याची शक्यता मात्र सहज नाकारता येते.

फेटाळलेल्या अर्जावर उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका दाखल करता येते. ‘वकिलाला पैसे कुठून आणू?’ हा काकांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर देशात फार कमी गोष्टींना आहे इतकं साधं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ सांगतं की कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी त्याचं उत्पन्न बघितलं जात नाही. सात-बारा लागत नाही, तहसीलदाराचा दाखला लागत नाही. उत्पन्नाचा दाखला न मागणारी सरकारी योजना या राज्यात सापडणं कठीण, आणि जी सापडली तिच्यासाठी आधी आत जावं लागतं.

तुरुंगातून साध्या कागदावर लिहिलेलं पत्रही उच्च न्यायालय याचिका म्हणून घेऊ शकतं. मग विधी सेवा समिती वकील नेमते. नेमलेला वकील बहुधा तरुण असतो, त्याने पक्षकाराला पाहिलेलं नसतं आणि पक्षकाराने त्याला. ओळख काय ती पत्राच्या अक्षराची. आदेशाच्या शेवटी त्या वकिलाच्या फीची एक ओळ येते, आणि ती फी बघून निवाडा संपल्यावर तो कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये फक्त चहा मागवतो, सोबत काही नाही. तरी यातली कितीतरी कामं मन लावून केलेली असतात. दिवसभर कंपन्यांचे कज्जे चालतात त्याच इमारतीत, काळ्या कोटातला एक पोरगा न्यायमूर्तींना कुणाच्या तरी आईचं हिमोग्लोबिन वाचून दाखवत उभा असतो.

ही मोफत वकिलाची सोय ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्याची गोष्ट कैद्यांना कुणी सांगत नाही. सांगायला हवी. एम. एच. होस्कोट हे गृहस्थ उच्चशिक्षित, पीएच.डी. झालेले, सौराष्ट्र विद्यापीठात रीडर. त्यांच्यावर आरोप होता की त्यांनी कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्यासाठी मुंबईतल्या एका ब्लॉकमेकरकडे विद्यापीठाचा शिक्का करायला टाकला. खरी पदवी जवळ असलेल्या माणसाला खोट्या पदव्यांचा नाद लागावा, हे शिक्षणव्यवस्थेवरचं भाष्य समजायला हरकत नाही. सत्र न्यायालयाने त्यांना कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षं सक्तमजुरीची केली. सर्वोच्च न्यायालयात दाद मागायला त्यांना चार वर्षांहून जास्त उशीर झाला, आणि निकालाची प्रत कैद्याच्या हातात पडली होती की नव्हती यावर तुरुंग आणि कैदी यांची जुंपली. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे आणि ऐपत नसलेल्या कैद्याला वकील दिला पाहिजे. हे राज्याचं कर्तव्य आहे, दानधर्म नाही. खुद्द होस्कोट यांची याचिका फेटाळली गेली. शिक्षा तोवर भोगूनही झाली होती. स्वतः हरून बाकीच्या सगळ्यांना वकील मिळवून देणारा असा पक्षकार पुन्हा झाला नाही.

यादीत न बसणारी कारणं घेऊन वकील न्यायालयात गेले की खरी गंमत येते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जन्मठेपेचा एक बंदी आला. त्याच्या मुलाला ऑस्ट्रेलियात शिकायला प्रवेश मिळाला होता आणि फी होती ३६ लाख. बापाला पैशाची जुळवाजुळव करायची होती आणि मुलाला निरोप द्यायचा होता. सरकारी पक्षाचं म्हणणं, पॅरोल अडीअडचणीसाठी असतो, विमानतळावर टाटा करायला नव्हे. न्यायालयाने विचारलं की दुःखात सामील व्हायला रजा मिळते तर सुखात व्हायला का मिळू नये, आणि दहा दिवस दिले. ३६ लाखांची फी हा सुखाचा प्रसंग कसा, असं कुठल्याही मध्यमवर्गीय बापाला वाटेल. पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

राजस्थान उच्च न्यायालयाने त्याच्याही पुढची मजल मारली. २०२२ मध्ये एका कैद्याच्या पत्नीने अपत्यप्राप्तीसाठी पतीला सोडावं अशी मागणी केली आणि जोधपूरच्या खंडपीठाने १५ दिवसांचा पॅरोल मंजूर केला. आपल्या नियमांत पत्नीच्या बाळंतपणासाठी रजा आहे. त्याच्या नऊ महिने आधीच्या रजेचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता.

करोनात तर नियमांनी स्वतःच कोडं घातलं. ८ मे २०२० रोजी राज्याने आणीबाणीच्या पॅरोलची तरतूद केली. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांना अट अशी की मागच्या दोन्ही वेळी रजेवरून वेळेत परत आलेला असावा. आता जो कधी बाहेरच गेला नाही, तो वेळेत परत कसा येणार? आयुष्यात रजा न घेतलेला बंदी अपात्र ठरू लागला आणि दोनदा गावाकडे जाऊन आलेला पात्र. हा गुंता सोडवायला वकील लागले. जो कधी सुटलाच नाही त्याला ही अट लावता येत नाही, असं उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केलं.

एक वर्ग असाही आहे ज्याला या कशाचीच फारशी अडचण पडत नाही. कमांडर नानावटी जन्मठेपेच्या काळात पॅरोलवर लोणावळ्याच्या बंगल्यात राहत होते, आणि तिथूनच १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या माफीपर्यंत पोचले. जेसिका लाल खून खटल्यातल्या मनू शर्माला दिल्लीत सप्टेंबर २००९ मध्ये पॅरोल मिळाला, कारणांत आईचं आजारपण होतं, आणि तो सापडला पबमध्ये. बोभाटा झाल्यावर पुढच्या वर्षी दिल्लीने पॅरोलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. डिसेंबर २०१३ मध्ये पत्नीच्या आजारासाठी संजय दत्तचा पॅरोल मंजूर झाला आणि त्याच सुमारास तिचे एका चित्रपटाच्या कार्यक्रमातले फोटो छापून आले. येरवड्याबाहेर निदर्शनं झाली, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी चौकशी लावली. हरियाणाच्या राम रहीमने जानेवारी २०२३ च्या ४० दिवसांच्या पॅरोलमध्ये तलवारीने केक कापला. अशा प्रत्येक फोटोची किंमत काकांच्या म्हातारीला मोजावी लागते. पुढच्या हवालदाराला तिच्या गुडघ्यांवरही संशय येतो.

जिथं खरोखरीची सुनावणी होते, तिथं तरी सगळं सुरळीत असेल असं वाटतं. कॅलिफोर्नियात जन्मठेपेच्या कैद्याला मंडळासमोर बसवतात, तासन्‌तास प्रश्न विचारतात आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील देतात. मॅन्सन टोळीतली लेस्ली व्हॅन हाउटन वीसपेक्षा जास्त वेळा अशी समोर बसली. २०१६ पासून मंडळाने पाच वेळा तिला सोडण्याची शिफारस केली, आणि पाचही वेळा गव्हर्नरने फिरवली. अखेर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने गव्हर्नरला चूक ठरवलं तेव्हा ती बाहेर आली, पन्नासहून जास्त वर्षांनी. सुनावणी झाली काय, न झाली काय, फाईल शेवटी एका साहेबाच्या टेबलावर जाते. तिथंही आणि इथंही.

लग्नासाठी मागितलेली रजा ही या धंद्यातली सगळ्यात घाईची केस. मंजुरी कारागृह उपमहानिरीक्षकांकडून, पुरावा म्हणून पत्रिका जोडायची, पोलिसांनी लग्न खरं असल्याची खात्री करायची, आणि हे सगळं अक्षता पडायच्या आत. एरवी लग्न उरकून जातं आणि मंजुरी मागून येते. २०२० साली दगडी चाळीत उलटं झालं. अरुण गवळी पॅरोलवर बाहेर, पण टाळेबंदीमुळे मुलीचं मार्चमधलं लग्नच पुढं ढकललं गेलं. शेवटी ते चाळीतच मोजक्या माणसांत झालं, तेही ८ मे रोजी, म्हणजे राज्याने करोना पॅरोलचा नियम काढला त्याच दिवशी.

बाकीच्यांना मुहूर्त आणि मंजुरी यांचा मेळ स्वतःच घालावा लागतो. कळंब्याच्या तुरुंगातल्या बंद्यांना निदान आता मुंबईची वारी राहिली नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे. पण सुट्ट्या तिथंही त्याच. नवऱ्या मुलीचे मामा वकिलांकडे येतात आणि म्हणतात, ‘मे महिन्यात चांगले मुहूर्त आहेत. बाप कन्यादानाला पाहिजे.’ वकील पंचांगाला हातही न लावता उच्च न्यायालयाचं कॅलेंडर उघडतात.

‘मेमध्ये उन्हाळी सुट्टी असते. सुट्टीतल्या कोर्टात तुमचा नंबर लागला तर लागला.’

‘मग तुळशीच्या लग्नानंतर बघू.’

‘त्याआधी दिवाळीची सुट्टी. अर्ज फेटाळला तर दाद मागायला दिवस किती उरतात ते मोजा.’

‘डिसेंबर?’

‘शेवटी नाताळ.’

मामा गप्प होतात. वकील पुन्हा पान मागं उलटतात. ‘जूनचा तिसरा आठवडा बघा. कोर्ट नुकतंच उघडलेलं असतं.’

‘अहो पण ऐन पावसात लग्न? मांडव कुठं घालायचा? आमचं घर आधीच पडायला झालंय.’

वकील पेन उचलतात. ‘घर पडलं तर मात्र वेगळा अर्ज करावा लागेल. ते कारण आयुक्तांकडे जातं. तलाठ्याचा पंचनामा आणा, आणि भिंत कुठली पडली त्याचे फोटो.’